कोरी काचपट्टी

लिडुविनाने थर्मासमधलं बर्फाचं पाणी आंब्याच्या मुळाशी ओतून टाकलं.

"आज तेरेरे नाही, ना दुसरं कुठलं थंड पेय. तपासणी होईपर्यंत एक थेंबही नाही."

"घसा सुकला तर? डॉक्टरीण काय घशात बघणारे?" तिचा नवरा आर्सेनियो हसला.

"माझा मुलगा स्वच्छ ठरलाय," सासूबाई, दोन्या पेत्रोना, ओसरीतून म्हणाल्या. "आजही तसंच निघालं, तर तू माहेरची वाट धर. पोरगी इथंच राहील."

लिडुविनाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. गेल्या खेपेला तिच्या तपासणीच्या काचपट्टीवर पू दिसला होता. नाव सांगता येईल असा जंतू मात्र नव्हता. असा आजार संगातून लागतो, म्हणून नवराबायको दोघांनाही तपासायचं, दोघांनाही औषध द्यायचं, असं डॉक्टरीण म्हणाली होती. आर्सेनियोची पट्टी कोरी निघाली. त्याने गोळ्यांना हात लावला नाही, आणि गल्लीने बाळंतिणीला नावं ठेवायला घेतली.

आज डॉक्टरणीने त्याला पुन्हा बोलावलं होतं. निरोपात एवढंच होतं : सकाळपासून लघवी करू नये, धारेबरोबर पू धुऊन जातो आणि पट्टी कोरी निघते.

दवाखान्याच्या बाकावर तेरेरेचा, बर्फाच्या पाण्यातल्या पाल्याच्या चहाचा, शिंगाचा पेला हातोहात फिरत होता. आर्सेनियोने एक घेतला, मग दुसरा. त्याच्या आधीच्या माणसाला आत बोलावलं, तसा तो संडासाकडे जायला उठला.

लिडुविना त्याच्याआधी पोचली. संडासाच्या दारात खुर्ची ओढून तिने पोरीला पाजायला घेतलं.

"बाजूला हो."

"पितेय ती."

"लिडु, लोक बघतायत!"

"बघू देत. महिनाभर मलाच बघतायत."

"थोडा दम धर की रे," बाकावरची एक बाई म्हणाली. "आम्ही नऊ महिने धरतो." सगळे हसले. आर्सेनियो हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आई, सांग ना हिला. मला जायलाच हवं. आत जायच्या आधीच जायला हवं."

दोन्या पेत्रोना उठल्या. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. गेल्या खेपेलाही तपासणीआधी तो असाच घाईने संडासात गेला होता, आणि त्यांनीच त्याची टोपी धरली होती.

आतून नाव पुकारलं : "आर्सेनियो बेनितेस!"

त्यांनी बाकाशेजारची दुसरी खुर्ची फरफटत आणली आणि दारात, सुनेला लागून, बसल्या.

"डॉक्टरणीकडे जा," त्या मुलाला म्हणाल्या, आणि नातीचं उघडं पाऊल दुपट्यात घेतलं.