गरम पाण्याची परवानगी

नवऱ्याने तिची करंगळी धरली, पातेल्यातल्या गरम पाण्यातच हळूहळू मागे ओढली आणि ती सरळ झाल्यावर तो शेजारच्या बोटाकडे वळला. ती दात आवळून बसली होती. हे रोज सकाळचं काम होतं. रात्रभरात उजव्या हाताची मूठ अशी वळून बसायची, की झोपेतही सुरी धरलेली असावी.

"आज अंगठ्याला जरा जास्त वेळ द्या," ती म्हणाली. "फोटो आहे."

"फोटो तोंडाचा काढतात की अंगठ्याचा?"

"मुकादम म्हणाला, हाताचाही काढणार आहेत. पुस्तकात घालायला."

कंपनीला पन्नास वर्षं झाली होती आणि त्याचं गुळगुळीत कागदाचं जाडजूड पुस्तक निघणार होतं. मालकांच्या वडिलांनी सायकलमागे खुराडं बांधून कोंबड्या विकल्या तिथपासून, दिवसाला दोन लाख पक्षी सोलून पाकिटात भरणाऱ्या तीन कारखान्यांपर्यंतची सगळी कथा त्यात येणार होती. नवऱ्याला त्या कथेतलं एकच पान हवं होतं. बारा वर्षांपूर्वी शीतगृहातला अमोनियाचा नळ फुटला तेव्हा आतली पाच माणसं गेली. सहावा तो. वाचला, पण तेव्हापासून चार पायऱ्या चढला तरी भिंतीला हात लावून उभा राहायचा आणि घरीच असायचा.

"आमचं पान कितवं आहे, विचारून ये."

"असलं कोण छापतं समारंभाच्या पुस्तकात?"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "आणि यांचा तर धंदाच कोंबड्याचा." हसता हसता त्याला खोकला आला आणि तिचं बोट त्याच्या हातातून सुटलं.

कारखान्यात तिला सगळे थोरली म्हणत. हाडं काढायच्या पट्ट्यावर तिच्याइतकी जुनी दुसरी कोणी उरली नव्हती. सव्वीस वर्षं. तिला कंपनीचा इतिहास विचारला असता, तर तिने तो चार आकड्यांत सांगून टाकला असता. म्हाताऱ्या मालकांच्या वेळी मिनिटाला अठरा पक्षी यायचे. मान वर करून शेजारणीशी बोलता यायचं. मुलाच्या हाती कारभार आला आणि सव्वीस झाले. परदेशात माल जायला लागला तेव्हा चौतीस. आता चाळीस, आणि शेजारीण जिवंत आहे की नाही हेही घंटा झाल्यावरच कळायचं.

हात दुखतो असं त्या पट्ट्यावर कोणी म्हणत नसे. ज्या बाईचं बोट वाकडं दिसलं ती आधी पक्षी टांगायच्या अंधाऱ्या खोलीत जायची आणि तिथून महिन्याभरात घरी. थोरलीनेही तीन वर्षं हात पदराआड ठेवूनच काढली होती. पण गेल्या महिन्यात सुरी दोनदा हातातून पडली, एकदा पायाशी, एकदा शेजारणीच्या पायाशी. तेव्हा तिने अर्ज केला: सुरीवरून काढून खोक्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या टेबलावर बसवावं. कंपनीच्या डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि लिहिलं, घरचे कपडे पिळल्यामुळे. आता पुढच्या महिन्यात समिती बसणार होती. दुखणं कामामुळे आहे असं समितीने मानलं तर टेबल. नाही तर पुन्हा पट्टा, आणि पट्टा झेपेनासा झाला की फाटक. घरात मिळवणारी ती एकटीच होती.

फोटोवाला माणूस तोंडाचा गोड होता. त्याने तिला मावशी म्हटलं, टोपी सरळ केली, पट्ट्याजवळ उभं केलं. जाळीचा हातमोजा काढायला लावून तो म्हणाला, "आता तळवा दाखवा. बोटं पसरा. आणखी. वा."

नवऱ्याने सकाळी पाऊण तास घालवला होता. पाचही बोटं सरळ उघडली.

"सव्वीस वर्षं काम केलेला हात वाटतच नाही, मावशी."

थोरलीला आनंद झाला. त्या गारठलेल्या दालनात आजवर कोणी तिच्या हाताला बरं म्हटलं नव्हतं. बोटांच्या मुळांशी कळ उठत होती, तरी त्याने तीनदा सांगितलं तितक्या वेळा तिने ती पसरली, आणि हसलीही. शेजारच्या चष्मेवालीने सुरी चालवता चालवता टोमणा मारला, "आता काय बाई, सिनेमातच जाणार. कळा मारतो म्हणून रडणारा हात तो हाच का?" अकरा वर्षं चष्मेवाली तिच्या डाव्या अंगाला उभी होती, आणि थोरलीने चुकून कधी हूं केलं की तिला नाजूक म्हणत होती.

समिती तिघांची होती. कंपनीचे डॉक्टर, कर्मचारी विभागाच्या बाई आणि कामगारांचा म्हणून बसवलेला एक प्रतिनिधी. टेबलावर नवं कोरं पुस्तक होतं. डॉक्टरांनी खूण घातलेलं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं.

पानभर हात होता. पाच बोटं, पाचही सरळ. खाली छापलं होतं: सव्वीस वर्षं, आणि तोच भक्कम हात.

"हा कोणाचा?"

"माझाच."

"मागच्याच महिन्यातला?"

"हो. पण ते सकाळी गरम पाण्यात ठेवून... आमचे हे एकेक बोट सोडवतात, साहेब. तेवढ्यापुरतं. दहाच्या सुमाराला परत वळायला लागतात."

"म्हणजे गरम पाण्याने फरक पडतो," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

"तेवढ्यापुरता पडतो."

"पडतो ना पण?"

थोरलीने प्रतिनिधीकडे पाहिलं. तो पुस्तकात मालकांच्या सायकलचा फोटो बघत होता. तिला खूप काही सांगायचं होतं: मिनिटाला चाळीस पक्षी, पडलेली सुरी, कपडे तर दोन वर्षं नवराच पिळतो. पण हातच तिला खोटी ठरवत होता, आणि तो हात तिने स्वतः हौसेने पुढे केला होता.

निकाल डॉक्टरांनी मऊ आवाजात वाचला. कामगाराचा हात उपचाराने कार्यक्षम राहतो असं दिसून आलं आहे. कामात बदलाची गरज नाही. मात्र कंपनी सहानुभूतीने विचार करून पाळीच्या आधी पंधरा मिनिटं एक बादली गरम पाणी देण्याची परवानगी देत आहे.

"उपकार झाले, साहेब," थोरली म्हणाली. सवयीने तोंडातून निघून गेलं. दाराबाहेर आल्यावर तिला स्वतःच्या जिभेची इतकी चीड आली, की ती जिन्यातच थोडा वेळ उभी राहिली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याने जीभ चावली.

"तुम्हीच एवढा ओढून सरळ केलात. जरा वाकडा राहू दिला असता तर?"

असं म्हणायला नको होतं, हे तिलाही कळलं. त्याने ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला आणि धाप लागल्यासारखा खाटेच्या कडेवर बसला. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळी पातेलं ठेवलं नाही. कारखान्यात बादली होतीच.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर, हात धुवायच्या नळांच्या ओळीत शेवटी, बॉयलरवाल्याने बादली आणून ठेवली होती. थोरलीने त्यात हात घातला. आत येणाऱ्या बायका बघत होत्या आणि टोप्या घालत पुढे जात होत्या. पहिल्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्याही नाही.

तिसऱ्या दिवशी समोर चष्मेवाली येऊन उभी राहिली. चष्म्यावर वाफ धरली होती. तिने तो काढून खिशात टाकला आणि हातमोजा उतरवला. उतरवायला वेळ लागला. तर्जनी आणि मधलं बोट तळव्याला जवळजवळ टेकलेली होती, थोरलीच्या हातापेक्षा वाईट.

"कधीपासून?"

"सहा-सात वर्षं झाली असतील."

"आणि मला नाजूक म्हणत होतीस."

"मग काय म्हणणार होते? मला पण होतं म्हणू? मुकादम दोन हात अंतरावर उभा असतो."

चष्मेवालीच्या मागे आणखी कोणी उभं होतं. तिच्या मागे आणखी. पिशव्या भरणारी, पंख छाटणारी, दोन वर्षांपूर्वीच लागलेली, सगळ्यांत चपळ म्हणून बक्षीस मिळालेली. कोणी हात पाठीमागे घेतला नव्हता. थोरलीने मोजले नाहीत, पण ओळ नळांच्या टोकापर्यंत गेली होती.

मुकादम हातात कागद घेऊन आला. वाईट माणूस नव्हता, ओरडला नाही. त्याने कागद तिच्यापुढे धरला.

"थोरले, परवानगी एकीच्या नावाची आहे. खाली स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या कोणी वापरली तर बंद. मला वर कळवावं लागेल."

थोरलीने कागद वाचला. मग ओळीकडे पाहिलं. तिला भीती वाटत होती, आणि ती लपवायचाही तिला कंटाळा आला होता. तिने हात बादलीतून काढला नाही. नुसता थोडा कडेला सरकवला.

चष्मेवालीने आपला हात त्याच्या शेजारी घातला.

"उद्यापासून बादली येणार नाही," मुकादम म्हणाला, आणि कागदावर वेळ टाकून निघून गेला.

घंटेला अजून सात मिनिटं होती. मागच्या बायका पुढे सरकल्या.