आठावर अडकलेली लेन्स

मी एक लेन्स बोलतेय, मानवतच्या विरूपाक्षअप्पा फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातली. त्र्याहत्तर सालच्या श्रावणात, एका सोमवारी, त्यांच्या बायकोनं महादेवापुढं केलेला नवस मला अजून आठवतो. उमादेवी म्हणाली होती, "आत्याबाईला फोटोत मामंजींचं तोंड दिसू दे. तवर पाण्याचा थेंब घ्यायची न्हाई."

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. पोटात पोलादी पाकळ्या. बाहेरचं कडं फिरवलं की त्या मिटतात आणि उजेडाचं भोक लहान होतं. कड्यावर दोनपासून बावीसपर्यंत आकडे. आकडा मोठा, तर भोक लहान! ही उलटी रीत मला कधीच उमगली नाही.

उमादेवीच्या सासूबाई, नीलम्मा, यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. नवऱ्याचा एकुलता एक फोटो वालूरला, नीलम्मांच्या भावाकडे. तोही वऱ्हाडाचा, त्यात ते कडेला उभे, तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं. भाऊ गुरुपादमामा तो घेऊन आले होते. म्हणाले, "सांजच्या एसटीनं वापस नेणार. दुसऱ्याच्या घरी ठेवायची चीज न्हाई ही."

त्या फोटोचाच फोटो काढून सासऱ्यांचं तोंड मोठं करायचं होतं. अप्पांनी अंगणातल्या उन्हात फोटो टेकवून उभा केला. आधी माझ्या सगळ्या पाकळ्या उघडल्या. मधला नवरदेव झकास आला, कडेचे सासरे मात्र पुसट. "भोक बारीक केलं की लख्ख येतंय," म्हणत अप्पांनी बावीस लावला. आता तर सगळं वऱ्हाडच धुक्यात शिरलं.

"कॅमेरा हलला असंल," मामा म्हणाले.

"स्टँड खडक हाय, मामा!"

"मग फोटोग्राफर हलला असंल."

मी गोंधळले. उघडी राहिले तरी चूक, मिटले तरी चूक. माझ्याकडून हवंय तरी काय?

तेवढ्यात उमादेवीला चक्कर आली. नीलम्मांनी तिला धरून बसवलं. "पोरी, घोटभर दूध पी."

"नवस मोडंल, आत्याबाई."

"मोडत न्हाई. महादेव एवढा कंजूष न्हाई. लय आवळला की करदोडा बी तुटतो."

पेला हातात धरून ती बराच वेळ बसली. मग दूध प्याली आणि हळूच म्हणाली, "अहो, पुरं उघडून बघितलं, पुरं मिटून बघितलं. मधलं बघितलं का?"

"मधलं कोण लावतंय?" अप्पा पुटपुटले. पण कडं आठावर आलं.

एसटी सुटायच्या आत मोठी केलेली ओली प्रत नीलम्मांच्या हातात होती. त्यांनी ती डोळ्यांशी नेली.

"मिशीला तूप लावायचे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बी लावलंय बघा."

उजेडाला फार अरुंद दारातून ढकललं की तो पसरतो, असं अप्पा नंतर कुणाला तरी सांगत होते. असेल. मला अजून नीट कळलेलं नाही.

आता माझ्यावर बुरशी चढलीय. पाकळ्या गंजून आठावरच अडकल्यात. उमादेवीनं मला देवळीत, विभूतीच्या डबीशेजारी ठेवलंय. सोमवार ती अजून धरते, दुपारी दूध घेऊन. ही गोष्ट ऐकणाऱ्या बाई, तुम्हीही असाच नवस करा, दुसऱ्या कुणासाठी तरी. फक्त त्यात घोटभर दुधाला जागा ठेवा.