पोटातून छातीत

मी एक चरबीची झालर बोलतेय. पुस्तकात मला वपा म्हणतात, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. जठराखालून आतड्यांवर पदरासारखी लोंबत असते मी, प्रत्येकाच्याच पोटात. पिवळी, तेलकट, गोळेगोळे. मला बघून कुणाला प्रसन्न वाटत नाही आणि माझी तशी अपेक्षाही नाही.

माझा मालक लॉन्ड्रीवाला. गिऱ्हाइकं त्याला डागकाका म्हणतात. शाई असो, गंज असो, ग्रीस असो, डाग असा घालवतो की इथे डाग होता हे सांगावं लागतं. घाणीचं त्याला भारी वावडं. परक्या दाराची मूठसुद्धा रुमालाने धरायचा. आंघोळीनंतर माझ्यामुळे पुढे आलेलं पोट आरशासमोर आत दाबायचा आणि म्हणायचा, "शी." माझा दिवस त्या शब्दाने सुरू व्हायचा.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या छातीतली मोठी धमनी फुग्यासारखी फुगली. ती फुटायच्या आत डॉक्टरांनी तेवढा तुकडा काढून तिथे कापडी नळी शिवली. पुढे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "छातीत कापड आहे माझ्या. आटत नाही, विटत नाही."

बायको म्हणायची, "चार टाके तोंडालाही घालून घ्यायचे होते."

पाच वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग त्याला रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. छातीवरच्या जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाला मसुरीएवढं भोक पडलं आणि त्यातून पिवळट थेंब झिरपायला लागला. आधी दिवसाला एक. मग बनियन चिकटण्याइतका.

त्या नळीतून खाली येणाऱ्या रक्तावरच मी जगते. त्या रक्ताला आता नासकी चव लागली होती. पोटात कुठे सूज आली, भोक पडलं, तर तिथे सरकत जाऊन चिकटायचं हे माझं काम. पण हे छातीत चाललं होतं आणि मध्ये स्नायूचा जाड पडदा. मी खालीच लोंबत राहिले.

मालकाने कुणाला काही सांगितलं नाही. न्हाणीघरात कडी लावून, मान दुसरीकडे फिरवून तो कापसाने ते पुसायचा. वर पावडर थापायचा. बायकोला म्हणाला, "माझे बनियन यापुढे मीच धुणार. तू घासत नाहीस नीट."

"तीस वर्षं घासले ते?" तिने विचारलं. तो बनियन पिशवीत कोंबून दुकानात निघून गेला.

दुकानात मागच्या मोरीत तो आपले बनियन भिजवायचा आणि डाग घालवायचा. हातखंडा काम. दोन महिने घरात कुणाला पत्ता लागला नाही. फक्त वास धुतला जात नव्हता. एकदा एक मास्तरीण साडी घ्यायला आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "काका, गठ्ठ्यात काहीतरी मेलंय बघा." त्याने सगळे गठ्ठे उपसल्याचं नाटक केलं. बिचारा घामाने निथळला. जे काही मेलं होतं ते त्याच्या शर्टाच्या आतच होतं.

एका दुपारी बायको डबा घेऊन अवचित आली. मोरीतला बनियन तिने उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. मग टांगलेल्या कोटांच्या आडोशाला त्याला नेऊन त्याच्या शर्टाची बटणं काढली.

"किती दिवस झाले?"

"दोन महिने."

"मला किळस येईल म्हणून लपवलंत?"

"तुझं माहीत नाही. मला माझीच येते."

पदराच्या टोकाने तिने ते ओघळणारं टिपलं आणि दुकानाचं शटर ओढलं.

इस्पितळात सर्जनबाईंनी छातीचे फोटो काढून घेतले आणि दोघांना समोर बसवलं. "नळीला जंतूंची लागण झाली आहे. ती काढावी लागेल."

"आतल्या आत धुता नाही येणार?" मालकाने विचारलं.

"कापडाच्या विणीत घुसलेत ते. वर बुळबुळीत थर धरलाय. औषध तिथवर पोचत नाही."

"डागाने वीण धरली असेल तर निघत नाही," तो हळूच म्हणाला. धंद्यातली गोष्ट त्याला लगेच कळली.

"ऑपरेशन मोठं आहे. सगळेच त्यातून उठतात असं मी सांगणार नाही. न केलं तर ही शिवण एक दिवस सुटेल, आणि मग इथवर यायलाही वेळ मिळणार नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "सही करा."

छाती उघडली तेव्हा मास्क लावलेल्या माणसांनीही माना वळवल्या. मी आजवर पोटात काय काय पाहिलंय, पण असलं नाही. नळीभोवती हिरवट राखाडी लगदा साचला होता आणि ती पांढरी वीण शेवाळल्यासारखी झाली होती. सर्जनबाईंनी नळी कापून काढली. कडेचं मऊ पडलेलं, नासलेलं सगळं खरवडलं. धुतलं, पुन्हा खरवडलं, पुन्हा धुतलं. मग कुणा मेलेल्या माणसाने दान केलेला, गोठवून ठेवलेला धमनीचा तुकडा तिथे शिवला.

त्यानंतर त्यांनी पोट उघडलं आणि मला धरलं. आतड्यांपासून सोडवलं, माझ्या रक्ताची एक वाट तेवढी शाबूत ठेवली आणि मधल्या पडद्याला भोक पाडून मला वर ओढलं. मला जायचं नव्हतं, खरं सांगते. कितीही धुतलं तरी त्या खड्ड्याचा वास गेला नव्हता. तिथे एका प्रेताच्या तुकड्याला मिठी मारून राहायचं, या विचाराने मला शिसारी आली. पण मला विचारतंय कोण? बाईंनी मला त्याच्याभोवती गुंडाळलं, चार टाके घातले आणि छाती मिटली.

दोन दिवस मी अंग चोरून राहिले. मग चिकटले. उरलासुरला पू मी शोषला, माझ्या रक्तातून औषध तिथे पोचवलं. सहा आठवडे शिरेतून औषध चाललं, नंतर गोळ्या. जखम बायको पुसायची. तो मान फिरवायचा तर ती म्हणायची, "इकडे बघा. तुमचीच आहे." तिसऱ्या आठवड्यात त्याने बघितलं. ताप त्याआधीच उतरला होता.

आता तो दुकानात बसतो. परवा एक बाई दोन पिशव्यांत गुंडाळलेली चादर घेऊन आली. सासऱ्यांची, म्हणाली. इथे उघडू नका, म्हणाली. त्याने गल्ल्यावरच ती उघडली, तो पिवळा डाग उजेडात धरला आणि विचारलं, "त्यांना दुखतंय कुठे? डॉक्टरांना दाखवलंत?"

बाई खाली बघत म्हणाली, "ते कुणाला हात लावू देत नाहीत."

"चला, मी येतो," तो म्हणाला आणि चप्पल शोधू लागला.

मी अजून इथेच आहे, त्या परक्या तुकड्याला लपेटून. माझी किळस पुरती गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. कधीतरी कुणी आरशासमोर पोट आत दाबत "शी" म्हणालं तर खुशाल म्हणू दे. तुम्हाला एवढंच सांगते, अंगातून काही झिरपत असेल तर ते धुऊन वाळत घालू नका. घरातल्या कुणाला तरी शर्टाची बटणं काढू द्या.