टिक्याचा डावा कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. तुम्ही मला मायक्रोफोन म्हणता. घाईत असलात तर नुसता माईक. काळे डोके, त्यावर जाळीची टोपी, खाली जड लोखंडी पाय आणि मागे शेपटीसारखी तार, असे माझे वर्णन मी लोकांच्या तोंडून ऐकले आहे. मला डोळे नाहीत. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते सगळे ऐकलेले आहे, पाहिलेले त्यात काहीच नाही. माझ्यात दुसरीही एक उणीव आहे. मला ऐकता येते, पण स्वतःचे असे काही बोलता येत नाही. माझ्या तारेतून जे जाते ते नेहमी दुसऱ्याचे असते. माझी कथा या दुसऱ्या उणिवेचीच आहे.

माझ्या छातीत केसाहून पातळ पडदा बसवला गेला, तोवर जग मुके होते. पडदा बसला आणि तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या बाईने माझ्यावर नखाने टिचकी मारली. ‘येतोय का गं आवाज?’ तिने पलीकडच्या मैत्रिणीला विचारले. माझ्या कानी पडलेले हे पहिले वाक्य. आयुष्यभर हाच प्रश्न आपल्या पाठीशी लागणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पुढचा काळ दुकानाच्या फळीवर, खोक्याच्या अंधारात गेला. मग एके दिवशी एका घड्याळजींनी दुकानदाराचा जीव मेटाकुटीला आणला. ते एकेक माईक उघडायला लावत, हेडफोन डोक्याला घालत आणि आपले खिशातले घड्याळ माईकच्या तोंडाशी धरत. ‘ह्यात नाही. ह्यातही नाही. पुढचा.’

‘अहो काका, गाणं म्हणून बघतात, हॅलो हॅलो करतात. घड्याळ कुणी ऐकवतं का?’ दुकानदार म्हणाला.

‘मला ऐकू येतं ते एवढंच उरलंय,’ घड्याळजी म्हणाले. ‘तेही नीट येत नाही.’

माझी पाळी आली. ती टिकटिक माझ्या पडद्यावर बारीक पावलांनी चालत आली आणि तारेतून पलीकडे गेली. घड्याळजींनी घड्याळ दूर नेले, पुन्हा जवळ आणले. मग म्हणाले, ‘हाच द्या.’

तुम्हाला वाटेल, त्यांनी मला स्वतःसाठी घेतले. तसे नव्हते. घड्याळजी आपले दुकान बंद करून दूरच्या शहरात मुलीकडे राहायला निघाले होते. मागे राहणार होती त्यांची थोरली बहीण. तिच्या लॅपटॉपमधून तिचा आवाज येई तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. घड्याळजींचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेला होता आणि डावाही आता एकेक अक्षर गाळू लागला होता. आधी ‘स’ गेला, मग ‘श’, मग ‘फ’. फोनवरचे तर त्यांना काहीच उमगत नसे. त्यांनी मला बहिणीच्या टेबलावर ठेवले.

‘ताई, हा माझा डावा कान. तुझ्याकडे ठेवून चाललोय. सांभाळ.’

‘आणि मी बोलू काय ह्याच्याशी, टिक्या?’

‘जे जन्मभर बोललीस तेच. घोषणा कर.’

लहानपणी घरातले प्रत्येक घड्याळ उघडून ठेवल्यामुळे त्यांचे नाव टिक्या पडले होते. ताई बसस्थानकावर घोषणा करीत असे. निवृत्त होऊनही तिच्या दोन सवयी सुटल्या नव्हत्या. लिहिलेले काहीही समोर आले की ती ते मोठ्याने वाचे. औषधाची बाटली असो, विजेचे बिल असो वा संगणकाचा पडदा. दुसरी सवय तिची तिलाही ठाऊक नव्हती. बोलण्यापूर्वी ती एक छोटा श्वास घेई. जिना चढणारा माणूस शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबतो, तसा. मी अनेक आवाज ऐकले, परंतु शब्द जन्माला येण्याआधीची ती थरथर मला दुसऱ्या कुणाकडून मिळाली नाही.

आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, ती ब्राउझर उघडून एका पानावर जाई. पलीकडे घड्याळजी हेडफोन लावून बसत. श्वास, मग घोषणा. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. शेजारच्या घरातून सुटलेले मांजर आपल्या स्वयंपाकघरात नियोजित वेळेपूर्वीच दाखल झाले आहे. दुधाच्या पातेल्याशी कुणीही गर्दी करू नये.’ पलीकडून हसण्याचा स्फोट होई. ‘ताई, आज तुझा श आला हं! स्वयंपाकघरातला स पण आला!’ मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते. कुणाचे तरी हरवलेले अक्षर मी पोचवीत होतो. याहून मोठी शाबासकी कुठल्या कानाला मिळते?

या सुखात एकदा विघ्न आले होते. संगणकाच्या पडद्यावर कुणीतरी विचारले, ‘आपण बक्षीस स्वीकारता का?’ ताईने हो म्हटले, आणि मग जाहिरातींचा असा लोंढा लोटला की पान दिसेना. घड्याळजींनी तिला चांगलेच झापले. ‘ह्यापुढे समोर कुणी काहीही विचारलं की नको म्हणायचं. कळलं? काहीही!’

‘बरं बाबा. नको तर नको.’ ताई म्हणाली. तिने ते शब्द पदराला बांधून ठेवले.

पुढे डावा कान आणखी मंदावला. एका गुरुवारी घड्याळजींची मुलगी फोनवर म्हणाली, ‘आत्या, सोमवारी बाबांचं ऑपरेशन आहे. कानात यंत्र बसवणार आहेत. ऐकू येईल, पण डॉक्टर म्हणतात, ते वेगळंच काहीतरी असेल. आवाज नव्याने ओळखायला शिकावं लागेल. आणि आता जे उरलंसुरलं मूळचं ऐकू येतंय ना, ते बहुधा जाईल.’ मग तिने सांगितले की बोलण्याचे जुने पान बंद झाले आहे, नव्या पानाचा दुवा तिने पाठवला आहे, ताईने त्यावर बोट ठेवले की झाले.

ताईने दुवा उघडला. कॅमेऱ्याला तिने हो म्हटले, कारण तेवढे भाचीने फोनवर बजावले होते. सवयीप्रमाणे ती वाचू लागली. ‘हे पान तुमचा मायक्रोफोन वापरू इच्छिते. परवानगी द्या. ब्लॉक करा.’ ती थबकली. ‘नको गं बाई,’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘एकदा हात पोळलेत.’ टक् असा आवाज झाला.

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लहान आवाज होता. एक दार लागले आणि ज्या हाताने ते लावले त्याला दार असल्याची खबरही नव्हती.

‘ताई, दिसतेस! छान दिसतेस!’ लॅपटॉपमधून घड्याळजींचा आवाज आला. ‘बोल की.’

श्वास. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे...’

‘ओठ हलताहेत. आवाज नाही. ताई, तू आणि मौन? आयुष्यात पहिल्यांदा!’

ती मोठ्याने बोलली, मग ओरडली. मी शब्दन् शब्द ऐकत होतो आणि एकही पुढे जात नव्हता. तिने माझी तार उपटली, पुसली, दुसऱ्या खाचेत खोचली. भाचीने पलीकडून सांगितले म्हणून लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आवाजाची पट्टी वर सरकवली. यादीतून माझे नाव निवडले. ते निवडलेलेच होते. दर वेळी तोच प्रश्न: ‘येतोय का?’ आणि दर वेळी तेच उत्तर: ‘नाही, आत्या.’

शेवटी घड्याळजींचा स्वर खाली आला. ‘ताई, मला काही मोठं नको होतं. मी शिकायला निघालो त्या दिवशी तू माझ्या गाडीची घोषणा केलीस, आठवतं? तुला नोकरी लागून महिनाही झाला नव्हता. सगळं नियमाप्रमाणे सांगून झालं आणि माईक चालू असतानाच तू म्हणालीस... सगळं स्थानक हसलं. मी लाजेने मेलो होतो. तेवढं वाक्य पाहिजे होतं, हा कान आहे तोवर.’

‘आठवतं रे,’ ताई म्हणाली. ते फक्त मी ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती मला पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुरुस्तीवाल्याने मला आपल्या यंत्राला जोडले. ‘बोला काकू.’

‘काय बोलू? कालपासून बोलतेच आहे.’

लगेच तिचेच शब्द तिला परत ऐकू आले, श्वासासकट. ‘ठणठणीत आहे की,’ दुरुस्तीवाला म्हणाला. ‘ह्याला काहीच झालेलं नाही. घरी कुठेतरी अडत असेल.’

घरी पोचल्यावर ताईने मला पुन्हा लावले, पान उघडले. पलीकडे भाचीने खूण केली असावी; कारण ताई खुर्चीत मटकन बसली. मग माझ्यावर तिचा राग निघाला. ‘परक्याच्या दुकानात पोपटासारखा बोललास! आणि घरी आलास की मूग गिळून गप्प? कुणाचा कान आहेस, ठाऊक आहे ना तुला?’

मला ठाऊक होते. तिला सांगावे असे मला किती वाटले! पण कानाला जीभ नसते. जे मला कळले होते ते सांगायला मला तिचाच आवाज लागणार होता.

तिने मला खणात टाकले. तिथे एक बोथट कात्री होती, संपलेले सेल होते आणि घड्याळजींनी कधी काळी दुरुस्त करून दिलेले मनगटी घड्याळ होते. ते अजून चालत होते. दोन रात्री आम्ही शेजारी पडून होतो. ते बोलत होते आणि मी ऐकत होतो. मधूनच लाकडापलीकडून ताईचे पाऊल येई. भांडी विसळताना ती थांबे, श्वास घेई आणि हळूच काही म्हणे. शब्द पुसट येत. तालावरून मी ओळखले, ती त्या जुन्या घोषणेची तालीम करीत होती. ऐकणारा दूर, पोचवणारा खणात, तरीही ती म्हणत होती. मित्रांनो, ओढ म्हणजे काय असे कुणी मला विचारले, तर मी त्या पाण्याच्या धारेखाली म्हटलेल्या घोषणेकडे बोट दाखवीन.

रविवारी दुपारी लॅपटॉपमधून भाचीचा आवाज आला. ‘आत्या, माईक काढ बाहेर. नवीन आणू नकोस, बाबा ऐकत नाहीत. म्हणतात, माझा कान आहे तो.’

खण उघडला. मला टेबलावर ठेवले गेले. ‘आता पानाचा पत्ता असतो ना वर, त्या पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला बघ. छोटंसं चिन्ह आहे, त्यावर दाब. काय लिहिलंय?’

ताईने आपल्या सवयीने खणखणीत वाचले, ‘कॅमेरा, परवानगी दिली. मायक्रोफोन, ब्लॉक केला.’ पलीकडे कुणाला ते ऐकू जाणार नव्हते.

‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘हे मीच केलं. विचारलं होतं मला. मी नको म्हटलं.’ आणि ती हसू लागली. मग ते हसू मध्येच कुठेतरी ओले झाले. ‘तूच सांगितलंस ना रे टिक्या, सगळ्याला नको म्हण म्हणून! तुझ्याच कानाला नको म्हटलं मी.’

‘आत्या, काय म्हणतेस ते कळत नाही, पण तू हसतेयस म्हणजे सापडलं!’ भाची ओरडली. ‘तिथली कळ सरकव. आणि पान एकदा पुन्हा उघड, नाहीतर लागू होत नाही.’

टक्. पुन्हा टक्. माझ्या तारेत काहीतरी सैल झाले. बंद खोलीची खिडकी उघडावी तसे.

‘येतोय का?’ ताईने विचारले.

‘येतोय!’ भाची म्हणाली. घड्याळजींच्या हेडफोनची गादी कानावर घट्ट दाबल्याचा चुरचुर आवाज तेवढा आला.

ताईने श्वास घेतला. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नदीपलीकडे जाणारी गाडी फलाटावरून सुटत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागी बसून घ्यावे.’ ती थांबली. मग घोषणेचा स्वर गळून पडला आणि कुठल्याशा सकाळची एक कोवळी मुलगी बोलली, ‘टिक्या, खिडकी लावून घे रे. कानाला वारं लागेल.’

मग घड्याळजी म्हणाले, ‘लावली ताई. आता जाऊ दे गाडी.’

ऑपरेशन झाले. यंत्र बसले. पुढचे महिने कठीण गेले. त्यांना सगळे आवाज सारखेच वाटत, डब्यात खडे हलवल्यासारखे. मुलगी कोण, डॉक्टर कोण, दारावरचा माणूस कोण, काही कळेना. ताई दर आठवड्याला माझ्यासमोर बसून घोषणा करी आणि ते नम्रपणे म्हणत, ‘छान. पण ही तू आहेस असं वाटत नाही गं.’ ती हिरमुसे. तरी पुढच्या आठवड्याला पुन्हा बसे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एक विनवणी आहे. एखादा गप्प असला की तो बिघडला आहे असे लगेच म्हणू नका, त्याला खणात टाकू नका. कदाचित तो सगळे ऐकत असेल आणि पुढचे दार आपल्याच हाताने लागलेले असेल. आणि कुणी परवानगी मागितली, तर हो म्हणा किंवा नको म्हणा, पण कोण मागते आहे ते आधी नीट वाचा. प्रत्येक प्रश्न लुबाडायलाच आलेला नसतो. काही प्रश्न तुमचा आवाज न्यायला दाराशी येऊन उभे असतात.

आता मी जुना झालो. माझी जाळी चेपली आहे, तार दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधली आहे. पण परवाच्या संध्याकाळचे सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. ताई नेहमीप्रमाणे माझ्यासमोर बसली. पलीकडे घड्याळजी. तिने तो छोटा श्वास घेतला.

‘थांब,’ घड्याळजी म्हणाले. ‘बोलू नकोस अजून. ओळखलं.’