रानातलं अंथरूण

हॅल्वरनं हात आडवा केला तेव्हा ड्वेननं एक पाय आत टाकायला उचललेलाच होता.

"आत नाही."

"अरे, तुझी बायको दुपारपासून सापडत नाहीये, आणि तू—"

"म्हणूनच सांगतोय. इथं वेळ घालवू नकोस. ती आत नाही."

समोर आडव्यातिडव्या झाडांची जाळी माजली होती. कोवळी मेपल, कोवळी बर्च. हॅल्वरनं एकेक खोड कमरेच्या उंचीवर पाऊण कापायचं, मग खांदा लावून कलंडवायचं, असं करत अख्खा उतार आडवा केला होता. असं झाड पडतं, पण मरत नाही. सालीचा जो पट्टा शिल्लक राहतो त्यावर ते जगतं, आडव्या खोडातून धुमारे फुटतात, मधूनमधून काटेरी झुडपं घुसतात, आणि काही वर्षांत हरणांना निजायला असा आडोसा होतो, की वाऱ्यालाही आत यायला वाट विचारावी लागते. करवत खाली ठेवली त्या दिवसापासून हॅल्वर स्वतः आत गेला नव्हता आणि दुसऱ्या कुणाला त्यानं जाऊ दिलं नव्हतं. माणसाचा वास एकदा आत शिरला, की हरणं जागा सोडतात. व्हर्नानं एकदा म्हटलं होतं, "मला तरी दाखव ना, एवढा राबलास ते." तेव्हा तो म्हणाला होता, "लांबून बघ." तिनं लांबून पाहिलं होतं. तेव्हा तिला सगळं आठवत असे.

"चर्चच्या वेदीवर तू मला बुटांसकट चढू देशील," ड्वेन म्हणाला, "पण इथं नाही."

ड्वेन गावातल्या आगीच्या बंबावर काम करायचा आणि शोध घेणारी माणसं त्याच्याच हाताखाली होती. पण शिकारीला दोघं विशीपासून बरोबर जात होते, आणि हरणांच्या बाबतीत हॅल्वरच्या शब्दापुढं तो जात नसे.

हॅल्वरनं गळ्यातली दुर्बीण काढून त्याला दिली.

"त्या पडलेल्या बर्चच्या मागं बघ. कान दिसतात?"

"दोन. नाही, तीन."

"रवंथ करत बसलीत. आत माणूस शिरला असता तर पांढऱ्या शेपट्या उभारून केव्हाच टेकडीपलीकडे पळाली असती. माणसं खोटं बोलतील, हरणं नाही बोलत."

ड्वेननं दुर्बीण खाली घेतली. त्याला पटलं होतं.

"बाबा, एकदा बघू तरी," मार्गिट म्हणाली. आई हरवल्याचा फोन आल्यावर ती शहरातून तशीच गाडी हाकत आली होती. पायांत ऑफिसचे बूट होते. "मागच्या आठवड्यात आई कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली ना?"

"खुराड्याला दार आहे. इथं रांगत जावं लागतं. सत्तरीची बाई कशी—"

"आपण सत्तरीच्या आहोत हे आईला आठवतं कुठं?"

 हॅल्वरनं ओढ्याकडं बोट दाखवलं. ओढ्यापलीकडे व्हर्नाचं माहेर होतं, आता तिथं नुसती जोत्याची दगडं उरली होती, पण महिनाभर ती सारखी म्हणत होती, "मला घरी जायचंय." बर्फ मध्यंतरी वितळून पुन्हा गोठलं होतं, फरशीसारखं कडक झालं होतं. त्यावर पाऊल उमटत नव्हतं. तेव्हा माग काढायचा तो अंदाजानंच, आणि अंदाज हॅल्वरचा. सगळी माणसं काठ्या आणि दोर घेऊन ओढ्याकडं वळली.

दिवस मावळेपर्यंत त्यांनी ओढ्यावरचं बर्फ ठोकून पाहिलं. अंधार पडला तसा वारा पडला आणि नवं बर्फ भुरभुरायला लागलं.

सकाळी स्वयंपाकघरात कुणी कुणाकडं बघत नव्हतं. ड्वेन टेबलावर नकाशा पसरून बसला होता. मार्गिटनं खुंटीवरचा आईचा तपकिरी कोट काढला आणि पोटाशी धरला.

"कोट इथंच आहे. म्हणजे नुसत्या स्वेटरवर गेली?"

"मीच वर टांगला होता," हॅल्वर म्हणाला. "परवा ब्रशनं झाडला. केस लागले होते सगळीकडं. माझ्या शिकारीच्या जाकिटाला घासून लटकत असेल."

"तुझं जाकीट तर कोठारात असतं, बाबा."

तिचा हात कोटाच्या खिशात गेला. बाहेर आला तेव्हा त्यात सफरचंदाची फोड होती. सोललेली, बिया काढलेली, सुकून तांबूस झालेली. मार्गिटच्या लहानपणी व्हर्ना अशाच फोडी करून द्यायची.

तळघरातली सफरचंदं शरदापासून कमी होत होती. हॅल्वरनं रॅकून समजून सापळा लावला होता. सापळ्यात काहीच आलं नव्हतं.

त्यानं कोटाच्या बाहीवर राहिलेला एक केस उचलला. राखाडी, राठ. दोन बोटांत धरून वाकवला. केस वाकला नाही, मोडला. आतून पोकळ होता, हरणाचा असतो तसा.

कॉफीचा कप त्यानं टेबलावर ठेवला, तो नकाशावर कलंडला. उचलायला तो थांबला नाही.

रानाच्या कडेला तो गुडघ्यांवर बसला आणि आत शिरला. दोन हात पुढं गेला नसेल, तोच फुर्र असा आवाज झाला, खुरं वाजली, पांढऱ्या शेपट्या एकामागून एक उभ्या राहिल्या आणि टेकडीपलीकडे गेल्या. तो त्या उठल्या त्या जागेकडं रांगत राहिला.

जागा चांगली होती. दक्षिणेला तोंड, पाठीशी पडलेली बर्च, वारा नाही. त्यालाही हीच सुचली असती. व्हर्ना कुशीवर निजली होती, गुडघे पोटाशी घेऊन. सगळ्या रानावर रात्रीचं बर्फ पडलं होतं. तिच्या केसांवरही पडलं होतं. फक्त तिच्याभोवती अंडाकृती खळगे होते, पाचोळ्यापर्यंत मोकळे. एक तर अगदी तिच्या पाठीला लागून. स्वेटरची ती बाजू कोरडी होती, आणि तिला राखाडी केस चिकटले होते. शेजारच्या खुंटावर तिनं फोडी मांडून ठेवल्या होत्या. दोन उरल्या होत्या.

हॅल्वरनं हातमोजा काढला आणि तळवा त्या खळग्यात टेकवला. पाचोळा अजून कोमट होता. मग तोच हात त्यानं तिच्या गार पडलेल्या गालाला लावला, आणि बराच वेळ तिथंच ठेवला.

"बाबा?" बाहेरून मार्गिटचा आवाज आला. "आत काही आहे का?"

कडेची एक फांदी मोडली. हॅल्वरचा हात सवयीनं वर गेला, थांब म्हणून, तिला तो दिसणार नव्हता तरी. तसाच क्षणभर वर राहिला. मग त्यानं तो खाली घेतला.

"ये," तो म्हणाला. "वाकून ये. आत ये."