ऑरेलिओला बाहेर का बसवलं

माझ्या नवऱ्याला, गेलनला, मेरिट ब्लफ गावी फुटबॉलचा कोच म्हणून आणलं तेव्हा कॉलेजच्या अध्यक्षांनी त्याचा हात हातात घेऊन एवढंच सांगितलं, "एखादा चांगला हंगाम कुणीही देतो, कोच. आम्हाला टिकणारा संघ हवाय." मी शेजारीच उभी होते. गेलन हसला, पण त्याच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली.

कारण टिकणारा संघ त्याने कधीच उभा केला नव्हता. त्याआधी तीन कॉलेजं झाली होती, तीन गावं, आणि प्रत्येक गावात मी खिडक्यांच्या मापाने पडदे नव्याने शिवले होते. सगळीकडे एकच व्हायचं. पहिली दोन वर्षं मार खायचा, तिसऱ्या वर्षी जिंकायचं, आणि चौथ्या वर्षी कपडे बदलायच्या खोलीत निम्मे चेहरे अनोळखी. पूर्वी पोरं कंटाळून जायची, नापास होऊन जायची. आता नियमच बदलले. हिवाळ्यात यादी उघडते, ज्याला कॉलेज बदलायचंय त्याने त्यात नाव टाकायचं, की मोठ्या कॉलेजांचे कोच फोन करायला मोकळे. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, बीटाच्या शेतांत वसलेल्या आमच्यासारख्या कॉलेजाने रोपं लावायची आणि मोठ्यांनी उपटून न्यायची, असं होऊन बसलं.

इथेही तिसऱ्या वर्षी संघ चांगला खेळला. त्या डिसेंबरात आम्ही किराणा घेत होतो. गेलन बटाटे निवडत होता आणि त्याच्या फोनवर बातमी आली की पाच जण चाललेत. त्यातला एक तर रविवारी आमच्या सोफ्यावर पाय पसरून झोपणारा. गेलनने भरलेली ढकलगाडी तिथेच सोडली आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. मी पैसे देऊन पिशव्या घेऊन आले तेव्हा तो म्हणाला, "सांगून तरी जायचं."

त्यानंतर तो घाबरायला लागला. माणूस सापाला घाबरतो तसा नव्हे, तर ज्याच्या घरी एकदा चोरी झालीय तो घाबरतो तसा. सरावाच्या मैदानाच्या कुंपणाला त्याने हिरवी ताडपत्री लावली. सरावात कुणी फोनवर हसलं की विचारायचा, "कोण होतं?" पोरांनी आपल्या खेळाची चित्रफीत कुठेही टाकायची नाही असा दंडक घातला. गावच्या साप्ताहिकाच्या बातमीदाराला तो म्हणाला, "संघ जिंकला असं लिहा ना. नावं कशाला छापता?" बातमीदार म्हणाला, "नावं नाही छापली तर त्यांच्या आज्या पेपर घेतील का, कोच?"

पुढच्या हंगामात ऑरेलिओ सॅलिनास आला. आला म्हणजे काय, तो गावातलाच. त्याची आई इर्मा साखर कारखान्यात पाळीवर काम करते. मी शाळेत तिसरी शिकवते. तो माझ्या वर्गात होता, तेव्हाही खडू नेमका फळ्याच्या पट्टीवर फेकायचा. उंचीला कमी म्हणून कुणी मोठ्या कॉलेजाने त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आमच्या खेळात, अमेरिकन फुटबॉलमध्ये, चेंडू काखेत दाबून धावणारे पुष्कळ असतात, पण फेकणारा एकच, क्वार्टरबॅक, आणि सगळा संघ त्याच्या खांद्यावर. ऑरेलिओने पहिल्याच सामन्यात असे चेंडू फेकले की शेजारचे लोक बोलायचे थांबले.

घरी येताना मला वाटलं गेलन खुशीत असेल. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "हा फार चांगला आहे," तो म्हणाला, एखाद्या डॉक्टरने वाईट बातमी सांगावी तसं.

मैदानावर इर्मा माझ्या शेजारी बसायची. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणायची, आणि मुलाच्या हातात चेंडू आला की बिया चावायची थांबायची. तिसऱ्या सामन्यात आमचा संघ तीस गुणांनी पुढे असताना गेलनने ऑरेलिओला बाहेर बसवलं. ते रीतीला धरून होतं. एवढी आघाडी असली की दुसऱ्या पोरांना संधी देतात. त्यापुढच्या सामन्यात वीस गुणांवरच बसवलं. मग मध्यंतर होताच.

"मार्लिस," इर्मा मला म्हणाली, "माझ्या पोराचं काही चुकलं का गं?"

"छे. जपत असेल त्याला. गुडघा वगैरे."

"गुडघा तर ठणठणीत आहे त्याचा. परवा छपरावरचा पालापाचोळा काढायला चढला होता." तिने माझ्या तळहातावर बिया ओतल्या. "तू विचारून बघ हं. मी विचारलं तर बरं दिसणार नाही."

मी जेवताना विचारलं. गेलनने काटा खाली ठेवला. "दुखापत झाली तर?"

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? मोसम मोठा आहे."

तो बशीतला मक्का एकीकडून दुसरीकडे सारत राहिला. मी ओळखते त्याला. तो खोटं बोलतो तेव्हा जेवत नाही.

खरं मला टकरकडून कळलं. टकर म्हणजे त्याचा मदतनीस कोच, पहिल्या गावापासून बरोबर असलेला, जाडजूड, सतत काहीतरी चघळणारा माणूस. शनिवारी सकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत उभा होता.

"कोच, पोरं विचारतायत," तो म्हणाला.

"काय विचारतायत?"

"ऑरेलिओने तुमची गाडी ठोकली का, असं."

गेलन हसला नाही. टकरने कप ठेवला. "त्याच्या फेकींची एकूण लांबी, ते यार्डांचे आकडे, कमी दिसावेत म्हणून करताय ना तुम्ही हे? आकडे छोटे, तर मोठ्यांचं लक्ष जात नाही. मला दुधखुळा समजू नका."

मी गॅसकडे तोंड करून अंडी फेटत होते. हात थांबला.

"दोन वर्षं," गेलन म्हणाला. "दोन वर्षं तो राहिला तर त्याच्याभोवती संघ उभा राहतो, टक. त्याला बघून गावातली पोरं येतील. इथली पोरं, इथेच राहणारी. मला फक्त तेवढा वेळ हवाय."

"त्याला विचारलंत? जायचंय का म्हणून?"

"असं विचारलं की डोक्यात येतं त्यांच्या."

"कोच, ते आधीच असतं डोक्यात. नसलं तर आपल्यामुळे येतं."

टकर गेल्यावर मी म्हटलं, "गेलन, त्याची आई माझ्या शेजारी बसते. आता मी काय सांगू तिला?"

"काही सांगू नको."

"मग मला तिथे बसवू नको."

तो मला म्हणाला, "मार्लिस, मला पुन्हा गाव बदलायचं नाहीये. तुला बदलायचंय?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. पण शेजारी बसायला मी गेलेच, कारण इर्माने जागा धरून ठेवली असणार हे मला माहीत होतं.

शेवटचा सामना होता. जिंकलो तर कॉलेजचा संघ पहिल्यांदाच पुढच्या फेरीत जाणार होता. वारा असा होता की झेंड्याच्या दोऱ्या खांबावर सारख्या वाजत होत्या. मध्यंतराला आम्ही चौदा गुणांनी पुढे. ऑरेलिओने तीन वेळा चेंडू वारा कापत पोचवला होता. इर्माच्या बियांची पुडी तशीच मिटलेली.

मध्यंतर संपून तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि ऑरेलिओ हेल्मेट काढून बाकाजवळ उभा होता.

चौदा गुण म्हणजे काहीच नव्हे, हे मलासुद्धा कळतं. कुंपणाजवळ निळ्या जाकिटातले दोन अनोळखी पुरुष, मोठ्या कॉलेजांनी पोरं हेरायला धाडावेत तसे, उभे होते, आणि गेलन खेळाकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघत होता. दुसऱ्या क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू सरळ समोरच्याच्या हातात गेला. त्यांनी गुण केले. मग आमच्या पोरांची रांग ढिली पडली. टकर गेलनच्या तोंडापाशी जाऊन ओरडत होता. वाऱ्यात शब्द येत नव्हते, पण तो हात ऑरेलिओकडे दाखवत होता. गेलनने नाही म्हणून मान हलवली. पुन्हा कुंपणाकडे बघितलं.

"घाल की त्याला आत," इर्मा स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "का घालत नाहीये गं तो?"

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

आम्ही एका गुणाने हरलो.

निळ्या जाकिटातले दोघे मैदानावरचे दिवे बदलायची निविदा भरायला आले होते. हे मला सोमवारी शाळेत एका पालकाने सहज सांगितलं. मी गेलनला सांगितलं नाही. त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी ऑरेलिओ आमच्या घरी आला. बूट पायपुसण्यावर घासून, टोपी हातात घेऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"कोच, मी फक्त विचारायला आलोय. माझं काय चुकलं?"

"काही नाही, बाळा."

"मग?"

गेलन खिडकीकडे बघत म्हणाला, "तू जाशील अशी भीती वाटली."

ऑरेलिओला ते आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या ऐवजी एक थकवा आला. "मी कुठे जाणार होतो? आईची पाळी, धाकटी बहीण शाळेत. मला यांच्यासारखं, मिसेस डीट्झसारखं, इथेच शिकवायचंय. गावाबाहेर काय आहे हे मी बघितलंसुद्धा नाही."

"मग राहा. पुढच्या वर्षी सगळे सामने पूर्ण खेळशील. माझा शब्द."

पोर जरा वेळ टोपीची कड फिरवत राहिलं. "आता मला प्रत्येक वेळी वाटत राहील, कोच. आपण बरं खेळलो की बाहेर काढतील. असं डोक्यात घेऊन फेकता येत नाही."

त्याने यादीत नाव टाकलं. मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, आकडे छोटे होते ना. तो तासाभराच्या अंतरावरच्या, आमच्याएवढ्याच एका कॉलेजात गेला. गाडीने रोज जा-ये करायचा, राहायला घरीच. टकरने जानेवारीत हायस्कूलची नोकरी धरली. निघताना मला मिठी मारून म्हणाला, "मी कंटाळलो नाहीये मार्लिस, थकलोय," आणि गेलनशी हात मिळवताना त्याच्याकडे बघितलं नाही. त्या दोघांमागे आणखी सात जण गेले. चौथं वर्ष पुन्हा तसंच.

अध्यक्षांनी गेलनला आणखी एक हंगाम दिला. दिला, असंच म्हणाले ते.

इर्माशी माझं बोलणं काही महिने बंद होतं. बंद म्हणजे भांडण नव्हे. दुकानात दिसली तर मान हलवायची. एप्रिलमध्ये गेलन स्वतःच कारखान्याच्या फाटकाशी गेला आणि पाळी सुटेपर्यंत थांबला. तो काय बोलला ते त्याने सांगितलं नाही. इर्माने नंतर मला सांगितलं, "माफी मागत होता. मी म्हटलं, माझ्याकडे कशाला, त्याच्याकडे माग. आणि मग म्हटलं, ऑक्टोबरात त्याचा सामना आहे, चलायचं तर चला."

आमच्या संघाला सुट्टी होती त्या शनिवारी आम्ही तिघं गेलो. गेलनच्या गाडीत, इर्मा पुढे, मी मागे. ऑरेलिओ त्या दिवशी वाईट खेळला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने दोनदा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. गेलनचा पाय सारखा हलत होता, लाकडी बाक थरथरत होता. "आता काढेल बघ," तो पुटपुटला. त्यांच्या कोचने काढलं नाही. तिसरा चेंडू गेला. तरी नाही. ऑरेलिओ बाजूला आला, कोचने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली, काहीतरी सांगितलं, आणि पुन्हा आत पाठवलं. ते हरले. ऑरेलिओ शेवटपर्यंत मैदानात होता.

गेलनचा पाय कधी थांबला ते मला कळलं नाही.

सामन्यानंतर ऑरेलिओ कुंपणापाशी आला, घामेजलेला, गालावर गवत. आईला जवळ घेतलं, मग गेलनपुढे हात केला.

"खराब गेला आजचा, कोच."

"हो," गेलन म्हणाला. "वारा डावीकडून होता. तू लक्षात घेतला नाहीस." मग थांबून, "मी चुकलो होतो. गेल्या वर्षी."

"ठीक आहे," ऑरेलिओ म्हणाला. ते ठीक नव्हतं, पण त्याने म्हटलं. "यंदा तुमच्याकडे कोण फेकतंय?"

ऑरेलिओचा कोच तेवढ्यात त्याच्या मागे येऊन उभा राहिला होता. गेलनने त्याला पाहिलं. मला वाटलं आता हा विषय बदलणार. पण तो म्हणाला, "कॅन्ससचा पोरगा आहे. लायल वेंट्झ. पहिल्या वर्षाचा. खांदा असा आहे की तुला दाखवला पाहिजे. धावतानासुद्धा पन्नास यार्ड फेकतो, आणि रागावत नाही." त्याने उंची सांगितली, वजन सांगितलं. तो कोच लक्ष देऊन ऐकत होता.

परतताना इर्मा पुढच्या सीटवर झोपली. बीटाची शेतं उकरून झालेली, कडेला ढीग लागलेले.

"उद्या तो माणूस लायलला शोधेल," गेलन आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला.

"शोधेल कदाचित."

"डिसेंबरात जाईल तो."

"जाईलही."

त्याने हीटर वाढवला, मग कमी केला. स्टिअरिंगवरच्या त्याच्या बोटांची पेरं पांढरी झालेली मला मागून दिसत होती.

"पुढच्या शनिवारी लायलला पूर्ण खेळवणार आहे," तो म्हणाला. इर्माची मान खिडकीवर कलली होती, ती आपटू नये म्हणून त्याने वेग कमी केला.