पुढच्या वर्षाचा अंदाज

आमचा छोटा कसिनो डिसेंबरअखेर बंद होणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात आधी हसला तो माझ्या शेजारच्या टेबलावरचा आ-तिम. "बरं झालं बाई," तो मला म्हणाला, "बावीस वर्षं लोकांना पत्ते वाटून माझे खांदे गेले." पण हातातला दुधाचा चहा त्याने तसाच खाली ठेवला. मकाऊत आमच्या वयाच्या डीलरला पत्ते वाटण्याशिवाय येतं काय? मला तरी काही येत नाही, आणि घरात कमावणारी मी एकटी.

एका बड्या कंपनीने आम्हाला सामावून घ्यायचं पत्राने कबूल केलं होतं. 'सगळ्यांना' असं त्या पत्रात कुठेच नव्हतं. तो शब्द वाचताना आम्हीच घातला.

एकवीस नोव्हेंबरला सकाळी आम्हा आठ जणांना त्यांच्या हॉटेलच्या तळघरात बोलावलं. नवी टेबलं शिकायची होती. शिकवायला लाम मॅडम, पन्नाशीच्या, एके काळी स्वतः डीलर होत्या.

"लाखांनी खेळणारे मोठे शेठ आता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "येतो तो साधा माणूस. थोडं खेळतो, पण परत परत येतो. पुढची दहा वर्षं धंदा त्याच्यावर चालणार. तेव्हा कोण परत येणार, हे टेबलालाच कळायला हवं."

पैशांऐवजी लावायच्या प्रत्येक चिपमध्ये काहीतरी बसवलेलं होतं, वर कॅमेरे होते. आणि डीलरच्या बाजूला एक पडदा. समोरचा माणूस पुढच्या वर्षात किती हरेल, तो आकडा त्यावर येई.

"म्हणजे ज्योतिषीच की!" आ-तिम म्हणाला.

"ज्योतिषी चुकतो," लाम मॅडम म्हणाल्या. "आता एकेकाने गिऱ्हाईक होऊन खुर्चीत बसायचं. तोंडावर मास्क असला तरी चालेल. आमच्याकडे एकदा खेळलेला हात हे लकबीवरून ओळखतं."

मी दोन्ही हात खिशात घातले.

आम्हा कसिनोच्या नोकरांना कामाव्यतिरिक्त जुगाराच्या दालनात पाऊल टाकायची बंदी असते. चिनी नवीन वर्षाचे पहिले तीन दिवस तेवढी सूट. त्या तीन दिवसांत निम्मा मकाऊ हात साफ करून घेतो, मीही घेते. पण यंदा तिसरा दिवस संपला आणि माझं मन काही थांबेना. मे ते सप्टेंबर मी अकरा वेळा गेले, टोपी आणि मास्क लावून, आणि तेही याच कंपनीच्या कसिनोत. तोंड झाकलं होतं. हात झाकायचं कोणाला सुचतं? सापडले तर दंड होणार, आणि नोकरी तर गेलीच.

आ-तिम बसला. पडद्यावर आलं: फक्त नववर्षाला येतो, अंदाज सहाशे पटाका. आमचा एका दिवसाचा पगारही नाही.

"एवढंच? अरे, माझी काही इज्जत?" तो ओरडला. सगळे खो खो हसले. मीही हसले.

माझ्या आधी तिघी होत्या. मग दोघी. मग कोणीच नाही.

पाच नंबरच्या खुर्चीत मी बसले आणि ठरवलं, अगदी अडाण्यासारखं खेळायचं. डाव्या हाताने चिपा लावल्या. मुद्दाम दोन सांडल्या.

"अगं सोक-वा, हे काय? डोळे घरी ठेवलेस का?" आ-तिम म्हणाला.

"गप रे, वय झालं माझं," मी म्हणाले.

पडदा गप्प होता. पत्ते पडत गेले. पैसे लावायला दोन बाजू असतात, खेळाडू आणि बँक. बँकेची बाजू जिंकली, परत जिंकली, लागोपाठ पाच वेळा जिंकली. अशी रांग लागली की माझ्या कानशिलांत ठोके पडायला लागतात. नंतरचं मला नीट आठवत नाही. उजव्या हाताने सगळ्या चिपा एकत्र केल्या, बोटांनी कडा सारख्या केल्या आणि ढीग पुढे सरकवला, एवढं मात्र खरं.

पडदा बारीक वाजला. लाम मॅडमनी तो पटकन स्वतःकडे वळवला आणि सगळ्यांना चहाला पाठवलं. मला बसून राहायला सांगितलं.

"मॅडम, पाया पडते," मी म्हणाले. "कोणाला सांगू नका. माझी नोकरी..."

"मी कशाला सांगू?" त्या शांतपणे म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मी जास्तच घाबरले. "तीन लाख वीस हजार. पुढच्या वर्षात तुम्ही इतके हराल. डीलर म्हणून ठेवलं तर आम्हीच तुम्हाला वर्षाला अडीच लाख पगार द्यायचा. काय लिहू, तुम्हीच सांगा."

"नोकरी नसेल तर एवढे पैसे मी आणू कुठून?"

"नोकरी गेल्याची भरपाई मिळेल ना. ती या टेबलाने हिशेबात धरली आहे. घरातलं सोनंही धरलं असेल, मला सगळं दिसत नाही." त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. "आणि नोकरी सुटली की बंदीही उठते. एक जानेवारीपासून केव्हाही या. तुमचं गिऱ्हाईकाचं कार्ड करून ठेवते."

मला रडायला हवं होतं. त्यांच्या अंगावर ओरडायला तरी हवं होतं. पण खरं सांगते, सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. आता कोणाला घाबरायला नको, मन म्हणालं. मग त्या मनाचीच इतकी भीती वाटली की मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले.

बसल्या बसल्या मी दिवस मोजले. एक जानेवारीला एक्केचाळीस दिवस होते. थांबायला ते मला फार वाटले.